अख्ख्या अन्नाचं स्वयंपाकघर: पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

साडेतीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या रक्ततपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या काही महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६.२ आला. हा आकडा ५.७ च्या खाली असला तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. रोज चालायला सांगितलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले आणि आम्ही उठता उठता एवढंच बोलले, "घरचं खाणं जरा बघा."

खाणं बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. मी त्याच आठवड्यात सगळं घर उलटंपालटं केलं. पांढरा तांदूळ बंद, हातसडीचा चालू. बाजरीचं पाच किलो तयार पीठ आणलं, मे महिन्यात. साखर काढून गूळ ठेवला, रोज दोन वेळा मोडाची उसळ सुरू केली. दुसऱ्या आठवड्यात सासऱ्यांचं पोट फुगलं, ते जेवायला बसायचेच कंटाळले. बाजरीची भाकरी कडू लागायला लागली आणि उरलेलं पीठ फेकावं लागलं. महिन्याभरात आम्ही जुन्या जेवणावर परत आलो होतो.

दुसऱ्यांदा सुरू केलं ते एकेक करून, आणि ते आजवर टिकलंय. पुढचे टप्पे त्या दुसऱ्या वेळचे आहेत. अख्खं अन्न म्हणजे कोंडा आणि अंकुरासकटचं धान्य, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे, दूध-दही, अंडी, मासे. शेतातून, गोठ्यातून, पाण्यातून येतं त्याच्या शक्य तितकं जवळचं. ते महाग किंवा दुर्मीळ नसतं. पण ते लवकर खराब होतं, आणि घरात न टिकण्याचं खरं कारण तेच आहे. धान्याच्या अंकुरात तेल असतं. दळलं की ते हवेशी भिडतं आणि खवट होऊ लागतं. म्हणून गिरण्यांनी अंकुर आणि कोंडा काढायला सुरुवात केली. त्यामुळे मैदा महिनोन्‌महिने टिकतो. जे काढलं ते टिकत नव्हतं, आणि शरीराला हवं होतं तेही त्यातच होतं. ते परत आणायचं तर खरेदीचं, दळणाचं, भिजवण्याचं वेळापत्रक परत आणावं लागतं. निश्चय कितीही पक्का असला तरी वेळापत्रकाशिवाय तो महिनाभरच पुरतो.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- गेल्या सहा महिन्यांतले तपासणीचे कागद: एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं), लिपिड (रक्तातली चरबी), बी१२ जीवनसत्त्व. नसतील तर एकदा करून घ्या, नाहीतर पुढे फरक कशाशी ताडणार?
- घरातल्या प्रत्येकाच्या चालू औषधांच्या चिठ्ठ्या.
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि एक वही.
- जड लोखंडी तवा, काठवट किंवा मोठी परात, मोड बांधायला दोन सुती फडकी, मोठ्या भोकांची चाळणी, घट्ट झाकणाचे डबे.

ज्यूसर, महागड्या बिया, पावडरींचे डबे यांतलं काहीही लागत नाही.

१. पहिला आठवडा फक्त लिहा

काहीही बदलू नका. रोज घरात किती कच्चं धान्य शिजलं, किती डाळ, किती भाजी, ते मोजून लिहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं काढली. त्यात २००० कॅलरींच्या दिवसाचं ताट दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे आणि तेलबिया ३५, तेल-तूप मिळून २७ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर. सगळी वजनं कच्च्या मालाची.

आमच्या वहीत माणशी धान्य ४०० च्या वर निघालं आणि भाजी जेमतेम १५०. मला तोवर वाटत होतं की प्रश्न कुठलं धान्य खातो याचा आहे. तो प्रमाणाचाही होता. तुमच्या वहीत वेगळं निघेल, कुणाची डाळ कमी असेल, कुणाचं तेल दुप्पट. जिथे सगळ्यात मोठी तफावत दिसते ती जागा लक्षात ठेवा, कारण तुमचं काम तिथूनच सुरू होणार.

२. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला

ही पायरी गाळू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भात-पोळी एकदम कमी केली तर साखर अचानक उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना कडधान्यं, नाचणी, पालेभाज्या किती चालतील हे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून डॉक्टरच ठरवतात. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकाएकी वाढवू नयेत, त्यातल्या के जीवनसत्त्वानं औषधाचा परिणाम कमी होतो. थायरॉइडच्या रुग्णांनी रोज दोन्ही वेळा बाजरी खाऊ नये, आलटूनपालटून खावी.

आणि बरं वाटायला लागलं म्हणून कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. चांगल्या अन्नानं औषधाचा डोस कमी होऊ शकतो, पण तो कमी करायचं काम ज्यांनी दिला त्यांचं.

३. धान्य बदला, पण एका वेळी एकच

दोन आठवडे रात्रीच्या जेवणातली फक्त पोळी बदलून ज्वारीची भाकरी करा. बाकी सगळं जसंच्या तसं. दिवसा डबा असतो, घाई असते; रात्री भाकरी बिघडली तरी निभावतं.

ज्वारीपासूनच सुरुवात का? पोटाला हलकी, वर्षभर मिळते आणि चवीला सौम्य. रब्बीच्या हंगामातली मालदांडी जातीची ज्वारी मिळाली तर तीच घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. दाणा मोत्यासारखा पांढरा, टपोरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी बाजारात येते, वर्षाची भरायची तर तेव्हाच. बाजरी हिवाळ्यात, तीळ लावून, वर लोणी किंवा तूप. नाचणी उन्हाळ्यात आंबील म्हणून: रात्री पीठ ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. म्हणून वाढत्या मुलांच्या आणि चाळिशीपुढच्या बायकांच्या पोटात ती जायलाच हवी.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. गहू आपला वैरी नाही. गिरणीतून दळून आणलेल्या, न चाळलेल्या गव्हाच्या पिठात १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, ज्वारीत १० च्या आसपास. मैद्यात ते तीन ग्रॅमच्याही आत येतात. चपाती मऊ व्हावी म्हणून बारीक चाळणीनं कोंडा काढून गाईला घालायची सवय आमच्या घरीही होती. मोठ्या भोकांची चाळणी घ्या, काडीकचरा निघेल आणि कोंडा पिठातच राहील. पोळी सोडायची नसेल तर एवढं एक केलंत तरी निम्मी वाट चाललात. ज्यांना सीलियाक आजार आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं ज्यांच्या आतड्याला इजा होते, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना गहू वर्ज्यच. त्यांनी ज्वारीसुद्धा गव्हाच्या मागोमाग गिरणीत दळून घेऊ नये, घरघंटी वापरावी.

४. दळणाचा वार ठरवा

माझा पहिला प्रयत्न याच ठिकाणी मोडला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाजरीचं पीठ सगळ्यात लवकर कडू पडतं, कारण तिच्यात तेल जास्त. उन्हाळ्यात पाच-सहा दिवस, थंडीत आठ-दहा. ज्वारीचं पीठ दोन-तीन आठवडे खाण्यालायक राहतं, पण आठवड्यानंतर भाकरीला साथ देत नाही. त्याची विरी जाते. विरी म्हणजे पिठातला चिकटपणा, ज्याच्या जोरावर भाकरी थापताना फाटत नाही. नव्यानं शिकणाऱ्या बहुतेक जणी "मला भाकरी जमत नाही" म्हणतात, तेव्हा त्यांच्या हातात दुकानातलं दोन महिन्यांचं पाकीट असतं. दोष हाताचा नसतो.

हिशेब असा करा. चार माणसांचं घर, रोज एक वेळ भाकरी, माणशी १०० ग्रॅम पीठ धरलं तर दिवसाला ४०० ग्रॅम, आठवड्याला तीन किलोच्या आत. म्हणजे दर आठवड्याला तीन किलो ज्वारी दळायची. आमचा वार बुधवार. मंगळवारी रात्री निवडून पिशवी दारामागे ठेवते, बुधवारी ऑफिसातून येताना डबा घरी येतो. गिरणीत सांगायचं, "ज्वारीवर ज्वारी दळा", म्हणजे आधीच्या गव्हाचं किंवा डाळीचं पीठ मिसळत नाही. गरम पीठ लगेच झाकू नका. परातीत पसरून निववा, मग डब्यात भरा. नाहीतर आत पाणी सुटतं आणि पीठ आंबूस वास मारतं. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं तर आणखी आठवडाभर चालतं.

अख्खं धान्य मात्र महिनोन्‌महिने टिकतं. म्हणून धान्य साठवा, पीठ साठवू नका. साठवण्याआधी दोन दिवस कडक ऊन द्या, वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला, कोठी कोरडी ठेवा. धान्यात ठेवायच्या पाऱ्याच्या गोळ्या, बोरिक पावडर घरी आणू नका. गोदामात वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर चुकूनही नाही. हवेतला ओलावा लागला की त्यांतून विषारी वायू निघतो आणि राहत्या घरात तो जीव घेतो. थोडे किडे झाले तर चाळून, ऊन दाखवून धान्य वाचतं.

परदेशात राहणाऱ्या मैत्रिणींना मी हेच सांगते: भारतीय दुकानात ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावरची तारीख बघा, आणि अख्खी ज्वारी मिळत असेल तर घरघंटीचा खर्च वर्षभरात वसूल होतो.

५. भाकरी हाताला बसू द्या

भाकरी मला शेजारच्या मावशींनी शिकवली. त्यांचं माहेर करमाळ्याचं. पहिल्या दिवशी त्यांनी तवा तापवायच्या आधी माझ्या डब्यातलं चिमूटभर पीठ घेतलं, पाण्याचा थेंब टाकून अंगठा आणि बोटात चोळलं, बोटं हळूच फाकवली. मध्ये बारीक तार येते का ते बघितलं. "पिठाला विरी असली की हात शिकतो. विरी नसली तर शिकलेला हातबी फसतो," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मला भाकरी करूच दिली नाही, आधी दळून आणायला लावलं.

क्रम असा. एका भाकरीपुरतं पीठ परातीत घ्या, मध्ये आळं करा, त्यात कडकडीत गरम पाणी ओतून चमच्यानं कालवा. दोन मिनिटं झाका. मग हाताला सोसवेल इतकं झालं की तळहाताच्या टाचेनं रगडून मळा, निदान तीन-चार मिनिटं. ज्वारीत गव्हासारखं कणकेला धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं, म्हणून कणीक मळून ठेवली तर उपयोग नाही. दर भाकरीला ताजं मळायचं. गोळा गुळगुळीत हवा. खाली पीठ भुरभुरून बोटांनी थापत गोल फिरवत जा. कडेला चिरा पडल्या तर पाणी कमी पडलं किंवा मळणं कमी झालं. पीठ परत गोळा करून पाण्याचा हात लावून मळा, फेकू नका.

तवा चांगला तापलेला हवा. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर लगेच पाण्याचा हात सगळीकडे फिरवा. पाणी सुकत आलं, पण अजून किंचित ओल दिसतेय, त्याच क्षणी उलटा. उशीर केलात तर भाकरी तडकते, घाई केलीत तर तव्याला चिकटते. ही बाजू खरपूस होऊ द्या. मग तवा काढून पहिली बाजू थेट विस्तवावर. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते तेव्हा घरातलं कुणी ना कुणी ओट्यापाशी येतंच.

मला एकवीस दिवस लागले. पहिल्या आठवड्यातल्या तुटक्या भाकऱ्या कुस्करून दुधात किंवा आमटीत खाल्ल्या. त्या चवीला तितक्याच चांगल्या होत्या. अगदीच जमेना तर तोवर ज्वारीची धिरडी किंवा थालीपीठ करा, पण पिठाचं चक्र मोडू नका.

६. भात कमी करा, तांदूळ जरा खडबडीत करा

आपल्या देशातलं पोषणाचं संशोधन सुरूच झालं तांदळाच्या पॉलिशवरून. आजची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरी या आजाराच्या चौकशीसाठी सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला गेली. त्याच्याही आधी आजच्या इंडोनेशियातल्या जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांनी पाहिलं होतं, की पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की बऱ्या होतात. या कामासाठी १९२९ चं नोबेल त्यांना मिळालं. कोंड्यात होतं ते बी१ जीवनसत्त्व.

घरात एकदम पूर्ण हातसडी आणू नका. इंद्रायणी किंवा कोलम यांतला तुमचा नेहमीचाच तांदूळ कमी पॉलिशचा मिळतो का बघा. मग अर्धा-अर्धा मिसळा. हातसडीचा भाग तासभर आधी भिजवा, पाणी अडीच ते तीन पट. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ आधीपासून आहे, आणि तो चांगला आहे. साळी उकडल्यानं कोंड्यातली बी जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, नंतर सडलं तरी बरीच टिकून राहतात. गोव्याकडच्या घरांत सकाळची पेज असेल तर ती सोडून ओट्सच्या मागे लागायचं काही कारण नाही.

हातसडीही खवट होते. दोन-तीन किलोच्या वर आणू नका.

७. कडधान्य: आज रात्री भिजत घाला

रात्री भांडी आवरताना एक वाटी कडधान्य भिजवायचं. मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरे, हुलगे. वार ठरवा म्हणजे विचार करावा लागत नाही. सकाळी उपसून फडक्यात बांधा, रात्रीपर्यंत मोड येतात. थंडीत एक दिवस जास्त. मोड आले की लोह, जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि सी जीवनसत्त्व वाढतं.

रोज दोन्ही वेळा उसळ नको. पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीनदा, आणि मुगापासून सुरू करा, ते पचायला सोपे. हुलगे, म्हणजे कोकणातले कुळीथ, त्यांचं पिठलं किंवा कळण करा. मोड कच्चे खायचं फॅड आहे, पण लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांना वाफवूनच द्या, कारण मोड ज्या ओलसर उबेत येतात त्यातच जंतूही वाढतात. राजमा नेहमी भिजवलेलं पाणी फेकून, कुकरमध्ये पूर्ण शिजवून. अर्धा कच्चा राजमा खरोखर विषारी असतो.

८. भाजी दुप्पट करा

माणशी ४०० ग्रॅम ऐकून दडपण येतं. मी ते असं विभागलं: दुपारी एक फळभाजी, रात्री एक पालेभाजी, दोन्ही वेळा कोशिंबीर. पालेभाजी निवडायचा कंटाळा हेच खरं कारण असतं, म्हणून रविवारी टीव्हीसमोर सगळे मिळून तीन जुड्या निवडतो, न धुता फडक्यात गुंडाळून ठेवतो.

मेथी-पालकावर अडकू नका. ज्वारीच्या कण्या घालून अंबाडी, ताकातला चाकवत, मूगडाळ घालून शेपू, लसूण-मिरचीचा माठ, शेवग्याची पानं. पावसाळ्यात बदलापूर-कर्जतकडच्या पाड्यांवरून बायका टाकळा, कुर्डू, करटोली, शेवळं घेऊन येतात. शेवळं नीट केली नाहीत तर घसा भयंकर खाजतो, त्यांच्याबरोबर काकडं, म्हणजे एक आंबट रानफळ, घालतात. विकणाऱ्या बाईलाच विचारा कशी करायची, ती आनंदानं सांगते. स्वतः रानात जाऊन ओळखीशिवाय खुडू नका.

दोन छोट्या सवयी खूप काम करतात. पालेभाजी आणि आमटीवर लिंबू पिळायचं, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही, त्यानं तेच लोह अडतं. तासभर अंतर ठेवा.

९. तेल, गूळ, मीठ: इथे सगळे फसतात

लाकडी घाण्याचं शेंगदाणा, करडई किंवा तिळाचं तेल चांगलं, पण ते चांगलं आहे म्हणून जास्त नाही चालत. दिवसाला २७ ग्रॅम म्हणजे माणशी महिन्याला ८१० ग्रॅम, तूप आणि तळण धरून. महिन्याच्या एक तारखेला तेवढंच वेगळ्या बरणीत काढा. बरणी वीस तारखेला संपली तर कळतं कुठे चाललंय. घाण्याचं तेल रिफाइन केलेलं नसतं, लवकर खवट होतं, म्हणून छोट्या बाटलीत आणि अंधारात.

गूळ म्हणजे साखरच. त्यात थोडी खनिजं आहेत, पण रक्तातली साखर तो जवळजवळ तशीच वाढवतो. मध, खजुराचं सिरप, नारळाची साखर, सगळ्यांचं तेच. मी दोन महिने नवऱ्याला गुळाचा चहा दिला आणि मनात समाधान मानत राहिले, ते चुकीचं होतं. प्रमाण कमी करणं हाच उपाय. चहातला पाव चमचा दर पंधरवड्याला कमी केला तर जिभेला पत्ता लागत नाही.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, लोणचं-पापड धरून. आणि आयोडिनचं मीठ सोडून फक्त सैंधव वापरू नका. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर मुळीच नाही. आयोडिनच्या कमतरतेनं पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते.

१०. पाकीट उलटं करून वाचा

पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडून द्या. मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. नाचणीच्या बिस्किटात पहिला शब्द मैदा, दुसरा साखर आणि नाचणी पाच-दहा टक्के असली, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. तुमच्या स्वयंपाकघरात कधीच नसतील अशा नावांची रांग दिसली तर ते ठेवून द्या.

ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरो यांनी अन्नाचे प्रक्रियेनुसार चार गट केले. चौथा म्हणजे कारखान्यात घटक सुटे करून पुन्हा जुळवलेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटानं २० जणांना दोन आठवडे असं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर वाढलेल्या ताटांत साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच ठेवले होते, हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटाच्या अन्नावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन वाढलं. म्हणून मुलाच्या हावरटपणाला बोल लावू नका. घरात पाकीट आणूच नका. चार वाजताच्या भुकेला भाजलेले चणे-शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, फळ, राजगिऱ्याचा लाडू ओट्यावर दिसेल असा ठेवा. आमच्याकडे नूडल्स बंद झाल्या त्या रागावून नाही. डब्यात लाह्यांचा चिवडा तयार असायला लागला, म्हणून.

११. पोटाला वेळ द्या, मग पुन्हा तपासा

तंतू एकदम वाढले की गॅस होतो, पोट जड वाटतं. आठवड्याला एकच बदल, सोबत पाणी वाढवा, नीट चावून खा. सासऱ्यांना आम्ही पहिला महिना फक्त ज्वारीची पेज आणि मुगाचं वरण दिलं, मग भाकरी ताकात कुस्करून. आता ते स्वतः विचारतात की बुधवारचं दळण आणलं का. सतत जुलाब, रक्त, वजन उतरणं असं काही दिसलं तर ते तंतूंमुळे आहे असं गृहीत धरू नका, डॉक्टरांना दाखवा.

एचबीएवनसी तीन महिन्यांआधी पुन्हा करू नका. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, आकडा त्या काळाची सरासरी सांगतो. आमचा तीन महिन्यांनी ६.० आणि सहा महिन्यांनी ५.८ झाला. या काळात नवरा रोज पाऊण तास चालत होता, त्यामुळे श्रेय एकट्या भाकरीला देता येणार नाही.

त्याच वेळी बी१२ ही बघा. शाकाहारी घरात ते दूध-दह्यातूनच येतं आणि बऱ्याचदा पुरत नाही. हातापायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा असेल तर नक्की. माझं स्वतःचं कमी निघालं, भाकरी-भाजीचं वर्ष सरल्यानंतर. ते जीवनसत्त्व धान्यात, पाल्यात, मोडात नसतं, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली गोळी मी घेते.